तीनशे बारा मांगूर

आषाढ वद्य एकादशी
पाडा, ता. तलासरी

प्रिय बायजी,

फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं तुला वाटेल. आश्रमशाळा सुटल्यापासून मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही, आणि तेव्हाही तूच आधी लिहायचीस. पण फोनवर बोलायला लागलं की इकडे माझ्या मागे कोणी ना कोणी उभं असतं, तिकडे तुझ्या मिरचीच्या वाडीतल्या बायका असतात, आणि मी भाताची आवणी झाली का, तुझ्या निलमचा ताप उतरला का, एवढंच विचारून ठेवून देते. आज उपास आहे, चूल एकदाच पेटवायची, म्हणून दुपारी बसले. पानं पोरांच्या जुन्या वहीतली आहेत, मागची बाजू कोरी होती. अक्षर बिघडलंय, हसू नकोस.

मागच्या वेळी तू विचारलंस, नदीचं काय चाललंय, आणि मी बरं आहे म्हणाले. बरं नाही. मी फार थकलेय, बायजी. नदीपायी थकलेय असं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून कोणाला सांगत नाही. तुला सांगते, कारण ह्या नदीपायी तुम्ही घर सोडून वाणगावला गेलात. तुझ्या घरच्यांनी, रूपेशभाऊंनी, गावदेवापुढे मुठीत तांदूळ घेऊन सांगितलं होतं की माझ्या तळ्यात पाळलेला एकूण एक मांगूर मासा मी मारून पुरलाय. आणि त्याच पावसाळ्यात नदीच्या खालच्या कोंडातून हाताएवढा मांगूर निघाला. तेव्हापासून पाड्यावर त्यांचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, देवापुढे खोटं बोलला. तुम्हांला कोणी जा म्हणालं नाही हे खरं. पण हातपंपावर तू आलीस की बायका हंडे उचलायला लागल्या, आणि पुढच्या पूजेला भाऊंना कोणी बोलवायला गेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दारात उभी होते. तुला शिदोरी बांधून दिली एवढंच.

माझी वही तुला माहीत आहे. तेल किती उरलं, तांदूळ कधी काढले, कोंबडी किती दिवस खुडूक, सगळं लिहायची खोड. गेल्या वर्षीच्या होळीपासून त्याच वहीत मागच्या पानांवर मी मांगूर लिहिते. तारीख, कोणी धरला, कशाने धरला, किती. मासळी खात्याचे साहेब येऊन सांगून गेले की हा परका मासा नदीत राहिला तर दुसरं काही राहणार नाही, जमेल तसा काढा, पण कशाने किती निघतो ते लिहून ठेवा म्हणजे उगाच मेहनत फुकट जायची नाही. पाड्यावर दहावी झालेली मीच, तर ते माझ्याकडे आलं. मीही नाही म्हणाले नाही. का नाही म्हणाले नाही, ते पुढे येईल.

सुरुवातीला सगळे गळ घेऊन बसले. कोंबडीची आतडी लावली की मांगूर येतोच, त्याला काही वर्ज्य नाही. पण एका वेळी एक, आणि तोही मोठा. काकड्यादादाने मांडीएवढा धरला तेव्हा पाडाभर मिरवला. टोपल्या विणणारी आपली रूपी म्हणाली, दादा, बाप नेलास, आता घर पोरांचं. ती चेष्टाच करत होती, पण झालं तसंच. हा मासा आपलीच पिल्लं खातो, मोठा गेला की बारक्यांना रान मोकळं. गळाचे माझ्याकडे एक्केचाळीस आहेत, आणि त्यानंतर कोंडात बारक्या मांगुरांच्या मिशाच मिशा.

मग पाग टाकून बघितला. पाग पडला की मांगूर चिखलात शिरतो, नाहीतर काठाच्या बिळात, आणि जाळ्यात येतात आपलेच खवले, मुऱ्या, झिंगे. तेवढेच उरले होते, तेही ओढून काठावर. एकोणीस मांगूर मिळाले, त्यासाठी पाट्या भरून आपली मासळी गेली. मी ते लिहून ठेवलं, पण पाग टाकणाऱ्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, वहिनी, चांगलं तेवढं लिहा.

गेळाचं तर बोलूच नये. तुला आठवतं, आपल्या लहानपणी चैत्र-वैशाखात गेळाची फळं कुटून डबक्यात टाकायचे आणि मासे गुंगून वर यायचे. काकड्यादादा हट्टालाच पेटला, आमच्या आज्याचं औषध आहे, मांगूर काय मोठा लागून गेला. सगळ्यांनी मिळून दोन पोती फळं कुटली. तासाभरात सगळं पाणी पांढरं झालं, पालथ्या पडलेल्या मासळीने. वाम, खवले, दगडाखालच्या चिंबोऱ्यासुद्धा. आणि मांगूर काय करायचा, सावकाश वर यायचा, तोंड बाहेर काढून हवेचा एक घोट घ्यायचा आणि परत खाली. त्याला आपल्यासारखी वरची हवा चालते, पाणी घाण झालं काय नि नाही काय. एखादा म्हातारा अंगणात येऊन चूळ भरून आत जावा तसं. रूपी गुडघाभर पाण्यात उभी राहून पदरात झिंगे गोळा करत होती, आणि रडत होती. दोन मांगूर मिळाले. काकड्यादादा चार दिवस नदीकडे फिरकला नाही. मी त्या दिवशी वहीत फक्त दोन लिहिलं, बाकी काय मेलं ते लिहायला हात चालेना.

मग पंप आणला. कोंडाला वर-खाली माती घालून बांध केला आणि पाणी उपसलं. एका दिवसात अठ्ठ्याऐंशी. सगळ्यात जास्त आकडा तोच, आणि सगळ्यांना वाटलं संपलं. माझ्या नवऱ्याने, सुनिलने, तर कंपनीतून रजा काढली होती त्या दिवसापुरती. पण अर्धा चिखल राहिला होता, अंधार पडला म्हणून उरलेलं उद्यावर टाकलं. सकाळी जाऊन बघते तर बांधाच्या बाजूच्या ओल्या गवतात घसरल्याच्या खुणा, एकामागे एक, थेट खालच्या कोंडापर्यंत. पायाने नाही, अंगाने चालत गेले होते. सुनिल म्हणाला, ह्यांना तिकीट लागत नाही. मला हसू आलं नाही. बायजी, तीच वाट होती. कसली वाट तेही सांगते, जरा दम धर.

शेवटी टिकलं ते रूपीचं काम. तिने बांबूच्या टोपल्या विणल्या, लांबोडक्या, आत जायला तोंड आहे, परत यायला नाही. तोंडाशी कामट्या मुद्दाम रुंद ठेवल्या, म्हणजे बारीक मासळी शिरली तरी कामट्यांतून निघून जाते आणि मोठा अडकतो. संध्याकाळी आतडी घालून बिळापाशी ठेवायच्या, सकाळी उचलायच्या. कधी तीन, कधी एक, कधी नुसता खेकडा. ह्यात धावपळ नाही, आरडाओरडा नाही, म्हणून बाप्यांना त्यात गोडी नाही. रूपी आणि मी दोघीच जातो. तिचे गुडघे दुखतात, मी टोपल्या उचलते. टोपल्यांचे दोनशे तीन झाले, आणि आपली मासळी एकही मेली नाही. साहेबांनी विचारलं तर मी हेच सांगेन, की पंपाचा आकडा बघू नका, टोपलीचा बघा.

आता तुला एक गोष्ट सांगते जी रूपीशिवाय कोणी पाहिलेली नाही. धरलेला मांगूर परत पाण्यात जाऊ नये म्हणून तिथेच मारावा लागतो. काठावर टाकला तर दुपारपर्यंत जिवंत राहतो. आधी रूपी मारायची, पण तिचा हात थरथरतो, एका घावात होत नाही, आणि मग ते बघवत नाही. म्हणून मी मारते. मी, जिने माळ घातल्यापासून घरात अंडं फोडलं नाही. सकाळी नदीवर जाताना माळ गळ्यातून काढून देवाच्या फळीवर ठेवते, आंघोळ करून आल्यावर परत घालते. डोक्यावर एकच घाव, मग खड्डा, मग माती. रोज. आधी हात जोडायचे, आता तेही होत नाही. रूपी एकदा म्हणाली, संगिता, तू मुंडी खाली घालून मारतेस, जसं कोणी शिक्षा दिलीय. मी म्हटलं, पाठ दुखते.

तुझे सासरे रोज सकाळी मी परत येते तेव्हा आमच्या ओट्यावर बसलेले असतात. चहा इथेच घेतात, भाकरी मी दुपारी पोचवते, ती काळजी करू नकोस. रोज एकच विचारतात, आज किती. मी आकडा सांगते. मग लहान्याबाबा म्हणतात, माझ्या पोराच्या नशिबात होतं. ते कधी म्हणत नाहीत की पोर खोटं बोललं, आणि नाही बोललं असंही म्हणत नाहीत. त्यांनाही ठाऊक नाही ना. बापाला आपल्या पोराचं ठाऊक नसावं, आणि मी समोर बसून चहा गाळावा.

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी वहीत तीनशे बारा झाले. त्या दिवशी घट मांडला होता, मी टोपलीतून आलेला तो एक मारला, घरी आले, बेरीज केली, दोनदा केली. मी देवीला बोलले होते, की तीनशे बारा काढले की मी तोंड उघडेन. कोणाला ह्या आकड्याचं काही नव्हतं. सुनिल म्हणाला, तीनशे झाले तेव्हा हसली नाहीस, आज बारा वर झाले तर रडतेस काय. मी विवळवेढ्याला देवीच्या देवळात जाऊन आले, नारळ फोडला, परत आले की सांगायचं असं ठरवून. दुसऱ्या दिवशी टोपल्या उचलल्या तर आत चार होते. तीनशे सोळा. तेव्हा मला कळलं की तो हिशोबच खोटा होता. जेवढे गेले तेवढे काढले म्हणजे फिटलं असं नसतं, ते तिथे वाढत होते. आणि मग मी गप्पच बसले. आता कशाला, असं वाटून.

वैशाखात तुझा फोन आला. तू सहज म्हणालीस, हे म्हणतात, असे वर्षभर धरून काय होणार, वलगणीला आडवा. पहिल्या पुराला मांगूर नदीतून वर शेतात चढतो, गवतातल्या उथळ पाण्यात अंडी घालायला, एका मादीच्या पोटात हजारो असतात. शेताच्या तोंडाशी बांबूची ताटी लावा, मधे टोपली ठेवा, आणि अंडी घालायच्या आत धरा. भाऊंनी दोन वर्षं हा मासा पाळला, त्यांना त्याची चाल माहीत. ज्या गावाने त्यांना असं केलं, त्या गावाला त्यांनी न विचारता सांगितलं. मी ते बैठकीत सांगितलं, बायजी. आपलं म्हणून सांगितलं. मनाला समजावलं की रूपेशभाऊंचं नाव घेतलं तर काकड्यादादा उठून जाईल आणि काम राहील. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं हे, की त्यांचं नाव घ्यायला माझी जीभ वळत नव्हती. पाच ठिकाणी ताट्या लावल्या, तीन दिवसांत सदुसष्ट धरले, एकूण एक पोटुशी. सगळे मिळून वहीत आता चारशे वीस आहेत, पण ह्या सदुसष्टांत नदीचं जेवढं काम झालं तेवढं बाकी सगळ्यांत मिळून नाही. परवा रूपीला वरच्या ओहोळात खवल्यांची पिल्लं दिसली. बोटाच्या पेराएवढी. ती मला हाताला धरून घेऊन गेली दाखवायला.

आणि आता सरपंचबाईंनी ठरवलंय की पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत माझा सत्कार करायचा. साडी, नारळ. काकड्यादादा दोन शब्द बोलणार आहे, त्याने स्वतःहून मागून घेतलं. मला काल येऊन म्हणाला, पोरी, एकाने नदी नासवली, तू राखलीस, असं बोलेन. मी पदर सावरला आणि त्याला पाणी दिलं.

तर ऐक. तीन वर्षांपूर्वीची चैत्रातली वद्य एकादशी. देवीची यात्रा चालू होती. तू डहाणूला दवाखान्यात होतीस, पोटाच्या ऑपरेशनला. मांगूर पाळायला बंदी आली म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून भाऊंनी तळं रिकामं केलं होतं आणि दोन खड्डे खणले होते. पहिला त्यांनी माझ्यासमोर बुजवला. दुसऱ्यात मासे टाकून झाले होते, वर चुना नुकता भुरभुरला होता, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला की सही पाहिजे, लगेच या. भाऊ हातसुद्धा न धुता निघाले. जाताना मला म्हणाले, वहिनी, माती तेवढी लोटा. एवढंच काम होतं, बायजी. मी फावडं घेतलं आणि खड्ड्याशी गेले, आणि त्या पांढऱ्या चुन्यातून त्यांच्या मिशा वर येत होत्या. तोंड उघडत होते, मिटत होते, त्याचा बारीक आवाज येत होता. गळ्यात माळ, पोटात उपास, तिकडे देवीची यात्रा, आणि माझ्या हाताने जिवंत जिवांवर माती. मला नाही झालं. मी पाटी आणली, हातपंपावर एकेकाचा चुना धुतला आणि त्याच गवताच्या वाटेने खालच्या कोंडात नेऊन सोडले. बारा खेपा. सोडताना मोजले, कारण मला न मोजता काही करता येत नाही. तीनशे बारा. मेलेले होते ते खड्ड्यात ठेवून माती लोटली, वरून फावड्याने सारखी केली. पुण्य केलं असं वाटत होतं, खरंच सांगते, त्या दिवशी मी फार हलकी होऊन घरी गेले. संध्याकाळी भाऊ आले, खड्डा बुजलेला बघितला, आणि त्यांनी मला हात जोडले.

म्हणजे ते देवापुढे खोटं बोलले नाहीत. एक अक्षर खोटं बोलले नाहीत. ते तांदूळ मुठीत घेऊन बोलत होते तेव्हा पूजेचं ताट माझ्या हातात होतं, आणि ते हललं सुद्धा नाही. सुनिलला परवा सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, मग म्हणाला, पाटी कोणाची होती, आपली का. मी हो म्हणाले. काल त्याने ती पाटी मोडून चुलीशी टाकली.

पंधरा ऑगस्टला मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. पण तीन वर्षं मी रोज हेच ठरवते, म्हणून माझा मलाच भरवसा नाही. लहान्याबाबांच्या हाती हे पाठवलं असतं तर वाटेतून परत मागितलं असतं. टपालात पडलं की मागता येत नाही, म्हणून टपाल. हे रूपेशभाऊंना वाचून दाखव. मग त्या दिवशी तुम्ही दोघं या, निलमला आणा, आणि कोणी काही म्हणो, पुढे बसा. मी बोलले तर हा कागद फाडून टाक. आणि मी नुसती साडी घेऊन खाली बसले, तर हा काकड्यादादाच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर वाचायला लाव. त्याला वाचता येत नाही, मग तो मलाच वाचायला सांगेल. माझं अक्षर सगळा पाडा ओळखतो, मला नाही म्हणता येणार नाही. आजपासून माळ देवाच्या फळीवरच आहे. ती कधी घालायची ते भाऊंनी सांगावं. पंचांना लागतं म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते. नावाच्या वरचा शब्द मी सवयीने लिहितेय, तो ठेवायचा की खोडायचा ते तुझ्याकडे.

तुझीच,
संगिता सुनिल खरपडे